पूर आणि विम्याची लस

चलथाण तापीकाठी नाही. तरी आपल्यापैकी अनेकांचे व्यवसाय आणि आप्तेष्ट सुरतेत आहेत. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सेकंदाला सुमारे ९ लाख घनफूट पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतांश भाग जलमय झाला. पूर ओसरताच आम्हा डॉक्टरांचे लक्ष जुलाब, कावीळ व लेप्टोस्पायरोसिसकडे वळते. परंतु ज्या घराचा संसार वाहून गेला, तेथे बालकाच्या दूध-औषधालाच प्रथम कात्री लागते. म्हणून आर्थिक संरक्षण हाही बालआरोग्याचाच विषय होय.

लस आजाराआधी टोचावी लागते. विम्याचेही तसेच आहे. १ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध असलेल्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत पुरामुळे होणाऱ्या हानीचा समावेश आहे. घराचा विमा उतरविल्यास सामानालाही विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. छोट्या दवाखान्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. वाहनाच्या केवळ ‘थर्ड पार्टी’ विम्यात मात्र पुराने बिघडलेल्या आपल्या गाडीची भरपाई मिळत नाही.

मुलांच्या लसीकरणाच्या तारखा आपण जपून ठेवतो. त्यांच्याच शेजारी विम्याच्या नूतनीकरणाचीही तारीख प्रत्येक कुटुंबाने लिहून ठेवावी, ही विनंती.