पॉलिश रंग झिजवतं, वॅक्स रंग झाकतं. घरी गाडी चमकवण्याआधी एवढं वाचा

दसरा जवळ आला की गावात घरोघरी गाड्या धुवायची गडबड सुरू होते. पूर्वी पाणी मारलं, फडकं फिरवलं, हार घातला की झालं. आता पोरं तालुक्याच्या दुकानातून पॉलिशची डबी आणतात.

दोन वर्षांपूर्वी मीही आणली होती. जुनी लाल गाडी विकायला काढली होती. हाताने घासत कोण बसतं म्हणून ड्रिलला बफ लावला अन् भर दुपारी बॉनेटवर फिरवला. मधोमध आरशासारखी चमक आली. कडेला मात्र रंग उडून खालचा करडा प्राइमर दिसायला लागला. बॉनेट रंगवून घ्यावं लागलं. खर्च झाला तो झालाच, पण गिऱ्हाईक आलं अन् रंगातला फरक बघून पहिला प्रश्न केला, "गाडी ठोकली होती का?" किती समजावलं तरी पटलं नाही. भाव पडला तो पडलाच.

रंगाचे थर किती?

पत्र्यावर प्राइमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, अशी बहुतेक गाड्यांची रचना असते. हे सगळं मिळून जाडी साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोट 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरचा जेमतेम विसावा हिस्सा. ऊन-पावसापासून रंग वाचवतो तो हाच थर.

पॉलिशमध्ये बारीक घासणारी पूड असते. ती ओरखड्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट झिजवून सपाट करते, म्हणून ओरखडा दिसेनासा होतो. दर पॉलिशला थर थोडा कमी होतो आणि तो परत येत नाही. वॅक्स काही घासत नाही, वरून पातळ आवरण देतं. म्हणून वॅक्स वर्षातून चारदा लावलं तरी चालतं, पॉलिश मात्र गरज असेल तेव्हाच.

आधी धुणं नीट

गाडीवरचे गोल जाळीसारखे ओरखडे बहुतेक वेळा आपणच पाडलेले असतात. धुळीवर कोरडं फडकं मारणं म्हणजे बारीक वाळूने रंग घासणं. डिझेलच्या बोळ्याने पुसायची सवयही सोडा. तासभर चमक दिसते, मग त्याच तेलकटपणावर धूळ बसते, रबरही खराब होतं.

गाडी सावलीत, पत्रा गार असताना धुवा. दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक फडकं खळबळायची. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर अंगावर सुकू देऊ नका, पांढरे डाग धरतात. लगेच मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्या.

मग हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले बार शाम्पूच्या पाण्यात ओला करून हलक्या हाताने फिरवा. क्ले खाली पडला तर तो परत वापरू नका, त्याला चिकटलेले खडे रंग ओरबाडतील.

पॉलिश कसं करायचं?

ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, घासून जाणार नाही. नाद सोडा.

आधी फूटभर जागेवर सगळ्यात सौम्य पॉलिश करून बघा. पांढऱ्या फडक्याला गाडीचा रंग लागला तर वर क्लिअर कोट नाही, थेट रंगच निघतोय असं समजा. जुन्या गाड्यांवर आणि ट्रॅक्टरवर असं दिसतं. अशा वेळी फार हलक्या हाताने, थोडंच करा.

कडा आणि कोपऱ्यांवर कागदी टेप लावा. तिथं रंग पातळ असतो आणि मशीनचा सगळा जोर तिथंच येतो. माझं बॉनेट तिथंच गेलं. नवख्याने हातानेच करावं. दंड भरून येतील, पण रंग जाणार नाही.

शेवटी वॅक्स

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांपासून मिळतं. स्पंजवर वाटाण्याएवढं घ्या, अगदी पातळ पसरा, धुरकट झालं की स्वच्छ कापडाने पुसा. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, पुसायला मात्र जड जातं. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नका, पांढरट डाग राहतात. नव्याने रंगवलेल्या भागाला निदान महिनाभर तरी वॅक्स नको. रंग पूर्ण वाळू द्या.

पाण्याचे थेंब मोत्यासारखे उभे राहतात तोवर वॅक्स आहे. पाणी पसरून बसायला लागलं की परत लावा. आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन महिन्यांनी ती वेळ येतेच.

पक्ष्याची विष्ठा किंवा फवारणीचं औषध अंगावर पडलं तर मात्र वॅक्सच्या भरवशावर राहू नका. त्याच दिवशी धुऊन टाका. क्लिअर कोटला एकदा डाग धरला की मग पॉलिशच करावं लागतं, आणि दर पॉलिशला थर कमी होतो हे विसरू नका.