मुडदुशी ओळखा, पण तिच्यावाचून अडू नका

घरात बाळंतीण असली किंवा कोणी तापातून उठले, की कोकणातली जुनी माणसे सांगतात, "मुडदुशी आणा, पचायला हलकी." सल्ला बरोबर आहे. पण टोपलीतून आपण नेमके काय उचलतो, हे आयाबायांना ठाऊक हवे.

मुडदुशीचे शास्त्रीय नाव सिलागो सिहामा. अंग लांबट, गोलसर. पाठ फिकट मातकट, पोट चंदेरी. तोंड लहान आणि निमुळते. पाठीवर दोन पर: पुढचा आखूड, काटेरी, मागचा मऊ आणि लांबलचक. पोटाखालीही तसाच लांब पर. मासा बहुधा वीतभर. खाडीतली बोय घाईत तशीच वाटते, पण तिचे डोके रुंद, बोथट असते आणि पाठीवरचे दोन्ही पर आखूड, एकमेकांपासून लांब असतात.

मुडदुशी खोल समुद्रातली नव्हे. नाट्याजवळ जैतापूर खाडीचे मुख आहे, आंबोळगडला वाळूचा किनारा आहे. अशी उथळ, वाळूची जागा तिला लागते. वाळूतले किडे, बारीक कोळंबी ती खाते आणि धोका दिसला की वाळूतच शिरते. म्हणून खाडीत सांडपाणी, जळके तेल, प्लास्टिक सोडले किंवा वाळू उपसली, की घर तिचे मोडते आणि ताट आपले रिकामे होते.

मागणी असल्याने तिचा भाव चढतो. उसनवारी करून ती आणू नका. मुडदुशी पौष्टिक आहे, औषध नव्हे. 100 ग्रॅम मासळीत साधारण 18 ते 20 ग्रॅम प्रथिने असतात. बांगडा, तारलीतही तेवढीच. शिवाय बाळाच्या मेंदूला लागणारे चांगले तेल या दोघांत जास्त.

मात्र बांगडा, तारली ताजीच घ्या. उन्हात राहिलेल्या मासळीने तोंड लाल होते, अंगाला खाज सुटते, उलट्या होतात. ते विष शिजवूनही जात नाही. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, मांस बोटाने दाबल्यावर पुन्हा वर येणारे, एवढे बघाच. आजाऱ्यासाठी तिखट, तेल कमी घाला. मुलांना काटे काढूनच द्या.

काही घरांत बाळंतिणीला मासे देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या बाईला उलट जास्त अन्न लागते. तिला मासळी सोसत असेल, तर पहिला तुकडा तिच्या ताटात वाढा.