ओळखीच्या पत्राला दार उघडे!

प्रतिनिधी

नोकरीच्या मुलाखतीचे बोलावणे किंवा परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र ई-मेलने येते, पण 'स्पॅम'च्या कप्प्यात पडून राहते. मुदत उलटल्यावर ते सापडले, तर हळहळण्याखेरीज हाती काही उरत नाही. नकोशा जाहिरातपत्रांना रोखताना हवे ते पत्र अडू नये, यासाठी अनेक मेल सर्व्हर परिचित पत्रलेखकांची नोंद आपोआप ठेवतात. यालाच 'ऑटो-व्हाइटलिस्टिंग' म्हणतात.

आपणच दिलेली ओळख

यामागचे तत्त्व सोपे आहे. ज्याला आपण स्वतःहून पत्र लिहितो, तो आपल्याला परका नसतो. 'अमाविस' या गाळणी प्रणालीतील 'पेन पाल्स' सुविधा बाहेर जाणाऱ्या पत्रांची नोंद ठेवते. पुढे त्याच पत्त्यावरून त्याच व्यक्तीला पत्र आले, की त्याचे संशयगुण कमी केले जातात. पत्रव्यवहार जितका अलीकडचा, तितकी सवलत अधिक.

'स्पॅमअसॅसिन' या प्रणालीतील 'एडब्ल्यूएल' सुविधा मात्र पूर्वेतिहास पाहते. या प्रणालीत सर्वसाधारणपणे ५ किंवा अधिक गुण मिळालेले पत्र स्पॅम ठरते. समजा, एखाद्या पत्रलेखकाच्या आधीच्या पत्रांची सरासरी १ आहे आणि नव्या पत्राला ६ गुण मिळाले. सुविधा दोहोंचा मध्य काढते, गुण ३.५ होतात आणि पत्र सुटते. ज्याचा पूर्वेतिहास वाईट, त्याला हाच हिशेब उलटा भोवतो.

'थोड्या वेळाने या'

इव्हान हॅरिस यांनी २००३ मध्ये मांडलेल्या 'ग्रेलिस्टिंग' पद्धतीत अनोळखी पत्राला प्रथम तात्पुरता नकार मिळतो. खरा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करतो. घाऊक पत्रे पाठवणारी यंत्रणा बहुधा करत नाही. मात्र, यात काही मिनिटांत बाद होणारा 'ओटीपी'ही रखडू शकतो. म्हणूनच 'पोस्टग्रे' ही प्रणाली सर्वसाधारणपणे ५ यशस्वी पत्रांनंतर त्या सर्व्हरला वाट मोकळी करून देते.

तोतयांचे काय?

१९८२ च्या मूळ एसएमटीपी नियमांत पाठवणाऱ्याच्या नावाची शहानिशा करण्याची सोय नव्हती. त्यामुळे मित्राच्या पत्त्यावरून भामटाही पत्र धाडू शकतो. केवळ पत्ता पाहून सवलत देणे म्हणूनच धोक्याचे ठरते. एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तपासण्यांत उत्तीर्ण झालेल्या पत्रालाच ती देणे इष्ट. रजेवर असताना आपोआप जाणारी उत्तरेही या नोंदीतून वगळावी लागतात. अन्यथा स्पॅम पाठवणाराच 'परिचित' ठरतो. शिवाय, मित्राचे खातेच चोरीला गेले, तर या सर्व तपासण्या निष्प्रभ ठरतात. त्यामुळे व्हायरसच्या तपासणीतून कोणालाही सूट देऊ नये.

महत्त्वाच्या पत्राची प्रतीक्षा असेल, तर स्पॅमचा कप्पा रोज पाहावा आणि शक्य असल्यास त्या पत्त्यावर आधी आपणच दोन ओळी लिहाव्यात. ओळख पटवण्याची सुरुवात आपल्यापासूनही होऊ शकते.