संगणकाची नवी कार्यप्रणाली आणि मराठी लेखन

छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिकलठाणा हे गाव लागते. विमानतळ आणि औद्योगिक वसाहत यांमुळे त्याचे नाव आता दूरवर परिचित झाले आहे. कोणी ते ‘चिखलठाणा’ असेही लिहितात. त्या दोन रूपांतील अल्पप्राण-महाप्राणाचा विचार स्थलनामांच्या अभ्यासकाने करावयाचा आहे. प्रस्तुत लेखात त्या नावाकडे निराळ्या प्रयोजनाने पाहिले आहे. ‘चिकलठाणा’ हा शब्द संगणकाच्या पोटात कोणत्या रूपाने राहतो, आणि संगणकाची कार्यप्रणाली बदलली म्हणजे त्या रूपाचे काय होते, हा येथील प्रश्न होय.

व्यवहारात जिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात ती कार्यप्रणाली म्हणजे यंत्र आणि मनुष्य यांच्यामधील कारभारी. कोणती कळ दाबली असता कोणता संकेत नोंदवावयाचा, तो संकेत पडद्यावर कोणत्या आकाराने उमटवावयाचा, हे तीच ठरविते. विंडोज १० या बहुप्रचलित प्रणालीचे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. तिच्या जागी येणारी विंडोज ११ ही प्रणाली २०२१ सालची. परंतु तिला सुरक्षिततेसाठी टीपीएम २.० नावाची सोय यंत्रात असावी लागते, आणि पुष्कळ जुन्या यंत्रांत ती नसते. साहजिकच अनेक कार्यालयांपुढे व विद्यापीठीय विभागांपुढे प्रणालीबरोबर यंत्रही बदलण्याचा प्रसंग आला. इंग्रजीत लिहिणाऱ्याला असा बदल बहुधा गैरसोयीपुरताच जाणवतो. नेहमीची बटणे जागा सोडून बसतात, एखादा जुना छपाईयंत्राचा चालक चालेनासा होतो, आठ-पंधरा दिवसांत हात सरावतो. मराठी लिहिणाऱ्याची गोष्ट अशी नाही. गेल्या पस्तीस वर्षांत मराठीच्या बाबतीत प्रणाली बदलणे म्हणजे ‘अक्षर’ या कल्पनेची व्याख्याच बदलणे असे अनेकदा झाले आहे.

ही व्याख्या कशी बदलली हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. भारतीय लिप्यांसाठी समान संकेतावली तयार करण्याचे काम १९८० च्या दशकात कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या प्रयत्नांतून पुढे आले. पुण्याच्या सी-डॅकने, जिची स्थापना १९८८ ची, ते वाढविले. आणि १९९१ साली ‘इस्की’ ही संकेतावली भारतीय मानक म्हणून मान्य झाली. तिचे तत्त्व भाषावैज्ञानिक दृष्ट्या निर्दोष होते : साठवावयाचे ते वर्ण, आकार नव्हेत. तथापि त्या काळच्या विंडोज प्रणालींना देवनागरीची जुळणी करता येत नव्हती. तेव्हा छापखान्यांसाठी टंक तयार करणाऱ्यांनी एक व्यवहारी तोड काढली. इंग्रजी टंकाला जी २५६ घरे असतात, त्यांतच देवनागरी अक्षरांचे तुकडे बसविले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम या नावांनी मराठी मुद्रणव्यवसायात रूढ झालेले टंक या पद्धतीचे होते. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ते नसते तर १९९० नंतरची पंधरा-वीस वर्षे मराठी छपाई संगणकावर आलीच नसती.

आता ‘चिकलठाणा’ हा शब्द घेऊ. अशा जुन्या टंकात त्याची जुळणी साधारणतः पुढीलप्रमाणे होते : प्रथम पहिली वेलांटी, मग अर्धा च, मग दंड, नंतर क, ल, ठ, काना, अर्धा ण, दंड आणि पुन्हा काना. म्हणजे एकूण दहा तुकडे. शिशाच्या खिळ्यांनी जुळारी जशी ओळ बांधीत असे, तशीच ही ओळ बांधलेली आहे. यातील दोन गोष्टी भाषेच्या अभ्यासकास विशेष खटकाव्यात. एक, वेलांटीचा स्वर उच्चारात ‘च’नंतर येत असता तो ‘च’च्या आधी नोंदला गेला. दुसरी, अर्ध्या ‘ण’ला पुरा करणारा दंड आणि ‘आ’ या स्वराचा काना हे दोन्ही बहुधा एकाच घरातील एकच तुकडा असतात. पहिला केवळ रेषेचा अवयव, दुसरा एका स्वराचे चिन्ह; यंत्राला मात्र दोहोंत भेद नाही. अशा रीतीने कागदावर शब्द निर्दोष उमटतो, पण यंत्रात शब्द नसतोच. शब्दाचे चित्र असते.

युनिकोड या जागतिक संकेतावलीची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरून घेतलेली आहे. या मांडणीत ‘चिकलठाणा’ म्हणजे च, इकार, क, ल, ठ, आकार, ण, आकार : आठ संकेत, आणि तेही उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी डावीकडे नेऊन काढणे, र्‌चा रफार माथ्यावर चढविणे, जोडाक्षर साधणे ही कामे लिहिणाऱ्याची राहत नाहीत. ती कार्यप्रणालीची होतात. विंडोजच्या कुळात ही जबाबदारी प्रथम विंडोज २००० ने घेतली. तिच्यासोबत येणारा ‘मंगल’ हा टंक र. कृ. जोशी (१९३६–२००८) या मराठी सुलेखनकाराने रचलेला होता. विंडोज एक्सपीत मात्र ही सोय मूळ तबकडीवरून निराळी बसवून घ्यावी लागे, आणि ते माहीत नसल्यामुळे ‘आमच्या यंत्रावर मराठी तुटते’ अशी तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येत असे.

या बदलाचे महत्त्व एका विस्मृत प्रसंगावरून ध्यानी येईल. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधार परिषदेने ऱ्हस्व इकाराची वेलांटी अक्षराच्या उजवीकडे, आखूड दंडासह लिहावी अशी शिफारस केली होती. टंकलेखन आणि यांत्रिक जुळणी सुकर व्हावी हा त्यामागील एक हेतू. लोकांच्या डोळ्यांना ते वळण रुचले नाही, आणि थोड्याच वर्षांत ते सोडून द्यावे लागले. यंत्रासाठी लिपीने वाकावे असा तो विचार होता. आज साठवण उच्चारक्रमाने आणि दर्शन परंपरेने, अशी फाळणी करून नव्या प्रणालींनी तो तंटा मिटविला आहे. ही या प्रणालींची सर्वांत मोठी देणगी म्हणावी लागेल.

तिचे फळ शब्दसूची करणाऱ्याला तत्काळ मिळते. जुन्या टंकातील शब्द अनुक्रमे लावावयास सांगितले असता ‘किल्ला’, ‘चिकलठाणा’, ‘दिवाळी’ हे सारे वेलांटीपाशी गोळा होत. कारण यंत्राच्या दृष्टीने त्यांचे आद्याक्षर वेलांटी हेच होते. नव्या पद्धतीत ते क, च, द यांखाली आपापल्या जागी जातात. येथेही सावध राहावयास हवे. संकेतांच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे. मराठी वर्णमालेत तो हकारानंतर येतो. तेव्हा नुसत्या संकेतक्रमाने ‘माळ’ हा शब्द ‘मावळ’च्या आधी लागतो, आणि मराठी क्रमाने ‘माहेर’च्याही नंतर. यंत्राला भाषा मराठी असल्याचे सांगितले आणि वापरातील साधन ते मानणारे असले, तरच दुसरा क्रम मिळतो. हिंदी असे सांगून मराठी कोश लावणारे थोडे नाहीत.

आता हानीकडे वळू. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पावतीपुस्तके, लग्नपत्रिका आणि अधूनमधून एखादा ग्रंथ छापणारा लहानसा छापखाना कल्पावा. त्याच्या जुन्या यंत्रात वीस वर्षांचे काम पेजमेकरमध्ये बांधून ठेवलेले आहे. पेजमेकरची अखेरची आवृत्ती २००१ सालची. मराठी टंकांचे अनेक जुने संच यंत्राच्या पाठीमागे बसविलेल्या कुलूपवजा ठोकळ्याशिवाय चालत नसत. त्या ठोकळ्याची खाच नव्या यंत्रांना नाही. शिवाय विंडोज ११ केवळ ६४-बिट आहे, आणि ६४-बिट विंडोजवर १९९० च्या आरंभीचे १६-बिट कार्यक्रम मुळीच चालत नाहीत. मालकाने नवे यंत्र आणले की फाइली शिल्लक राहतात आणि मजकूर जातो. उघडल्यावर पडद्यावर दिसतात ती इंग्रजी अक्षरे, विरामचिन्हे आणि मात्राचिन्हांकित लॅटिन वर्ण यांची अर्थशून्य रांग.

छापखान्याचे नुकसान पैशात मोजता येते. विद्यापीठीय विभागाचे येत नाही. १९९० नंतरच्या दोन दशकांत मराठीत जे प्रबंध, बोलींच्या शब्दसूची आणि लोकगीतांची संकलने संगणकावर लिहिली गेली, त्यांतील मोठा भाग अशाच चित्ररूप टंकांत आहे. शोधगंगेवर किंवा अन्यत्र अशा प्रबंधाची पीडीएफ प्रत असली तर ती डोळ्यांनी वाचता येते. पण तीत एखादा शब्द शोधू गेल्यास सापडत नाही, आणि उतारा उचलू गेल्यास हाती कचरा येतो. ज्या बोलीभाषक निवेदकांकडून ते शब्द टिपले, त्यांतील कित्येक आता हयात नाहीत. ही सामग्री पुन्हा मिळविता येण्याजोगी नाही.

रूपांतर करणारे कार्यक्रम आहेत, पण त्यांच्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. जुन्या क्रमातील वेलांटी उचलून नेमकी कोठे ठेवावयाची? ‘चि’मध्ये एका व्यंजनापलीकडे, ‘स्थिती’मध्ये मात्र स् आणि थ दोहोंच्या पलीकडे. रफाराचे याच्या उलट : चित्रात तो अक्षरानंतर येतो, आणि त्याला काना-मात्रांवरून उडी मारून मागे न्यावे लागते. दंड की काना हा संशय तर पदोपदी. चांगले रूपांतरक हे नियम पाळतात, परंतु प्रत्येक टंकाची घरे निराळी असल्यामुळे एका टंकासाठी केलेली योजना दुसऱ्याला लागू पडत नाही.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत नाजूक जागा ‘ऱ्य’ व ‘ऱ्ह’ यांची आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. पहिल्यात र्‌चा आघात मागील अक्षरावर पडून ‘द’ गुरू होतो, दुसऱ्यात तो लघूच राहतो. हा भेद हिंदीला नाही, त्यामुळे हिंदी पुढे ठेवून केलेल्या योजनांत तो दुर्लक्षिला जाण्याचा धोका नेहमीच असतो. युनिकोडमध्ये हा अर्धा र दाखविण्यासाठी नुक्ता असलेल्या ‘ऱ’ या वर्णाचा उपयोग करतात, जो तक्त्यात मुळात द्राविडी भाषांतील एका ध्वनीच्या लिप्यंतरासाठी आहे. मराठीने आपल्या सोयीसाठी दक्षिणेकडून ही उसनवारी करावी, हा योगायोग मौजेचा खरा. परंतु याआधीची एक रीतही अद्याप मान्य आहे : साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द असतात. एका संकलनात ‘दऱ्या’ शोधले असता दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ‘दऱ्या’ सापडतीलच असे नाही. वारंवारतेची मोजणी करणाऱ्याने हे ध्यानी न घेतल्यास त्याचे निष्कर्ष चुकतील, आणि चूक डोळ्यांना दिसणारही नाही. जुन्या टंकांत निदान तुटलेले अक्षर तुटलेले दिसे.

‘ॲ’चा प्रकार याच जातीचा. या स्वराला युनिकोडात स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. तत्पूर्वी अ आणि अर्धचंद्र यांची जोडणी करून वेळ मारून नेत. महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने ॲ व ऑ यांना वर्णमालेत स्थान दिले, तरी जुन्या यंत्रांवर हा नवा वर्ण रिकाम्या चौकोनाच्या रूपाने दिसे. त्यामुळे आज दोन्ही प्रकारचे ‘ॲ’ सर्वत्र मिसळलेले आढळतात. पाकळीचा ल आणि देठाचा श यांच्या मराठी वळणांबद्दल जी तक्रार ऐकू येते ती मात्र हलकी मानली पाहिजे. तेथे वर्ण एकच आहे, आकार टंकाच्या स्वाधीन आहे. योग्य टंक निवडला की प्रश्न संपतो.

कळफलकाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. टंकलेखनयंत्रावर ज्यांचा हात बसला ते रेमिंग्टन पद्धतीने, म्हणजे आकाराच्या क्रमाने, लिहितात. १९८६ साली प्रमाणित झालेला इनस्क्रिप्ट कळफलक वर्णविचारावर आधारलेला आहे : स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि क-ख, त-थ, प-फ अशा अल्पप्राण-महाप्राणांच्या जोड्या एकेका कळीवर. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो दोन-तीन दिवसांत उमगावा. पन्नाशीच्या टंकलेखकाला तो सक्तीने शिकविणे हे मात्र निर्दयपणाचे होईल. नव्या प्रणालींवर रेमिंग्टन पद्धत ठेवून साठवण उच्चारक्रमाने करण्याची सोय बसविता येते, तीच अशांना द्यावी.

ज्या विभागांना यंत्रे बदलावयाची आहेत त्यांनी जुने यंत्र लगेच भंगारात देऊ नये. ते आंतरजालापासून तोडून, त्यातील टंकांसह, रूपांतर पुरे होईपर्यंत चालू ठेवावे. मूळ फाइली रूपांतरानंतरही जपाव्यात, आणि प्रत्येक फाइल कोणत्या टंकात आहे याची नोंद कागदावर करावी. टंकाचे नाव गेले की किल्ली गेली. रूपांतरित मजकूर मुळाच्या छापील प्रतीशी ताडून पाहताना सबंध प्रबंध वाचण्याइतका वेळ कोणापाशीच नसतो. अशा वेळी ‘स्थिती’, ‘मर्यादा’, ‘दर्या’, ‘दऱ्या’, ‘ऱ्हस्व’, ‘ॲ’ने आरंभ होणारा एखादा शब्द आणि ‘चिकलठाणा’ असे सात-आठ शब्द प्रथम शोधून पाहावेत. ते शाबूत आले असतील तर पुढील पानांकडे वळावे, नसतील तर रूपांतरकाची योजना त्या टंकाची नाही असे समजून ती बदलावी.