बारा व्होल्टची गाडी आणि पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा: ट्रॅक्स, जीप, क्वालिसची वायरिंग आपल्या हातांनी

आज आपण गाडीच्या वायरिंगबद्दल बोलणार आहोत. गाडी कुठली, तर आपल्या जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर रोज दिसते ती. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री, शिंदखेडा या बाजूला जी काळी-पिवळी भरून चालते ती, लग्नाला वऱ्हाड नेणारी ट्रॅक्स क्रूझर, आणि कुणाच्या तरी अंगणात अजून जपून ठेवलेली क्वालिस. या गाड्यांची किरकोळ दुरुस्ती घरी कशी करायची, जादा दिवे, म्युझिक, चार्जर बसवायचे तर कसे बसवायचे, आणि कुठे थांबायचं, एवढा आजचा विषय.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्याकडे लोक या गाड्यांना सहज ‘इम्पोर्टेड’ म्हणतात. जहाजातून तयार उतरलेल्या गाड्या यात जवळजवळ नाहीत. बाहेरून आला तो आराखडा, आणि बऱ्याचदा इंजिन. महिंद्रांनी १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, पुढे त्यांच्या जीपमध्ये प्यूजोच्या परवान्यावरचं डिझेल इंजिन आलं. बजाज टेम्पोचं नाव मुळात जर्मनीतल्या टेम्पो कंपनीचं. त्यांच्या मॅटाडोरमध्ये आणि ट्रॅक्समध्ये मर्सिडीजचं ओएम ६१६ हे डिझेल इंजिन परवान्यावर बनवून बसवलं गेलं. हीच कंपनी २००५ पासून फोर्स मोटर्स. टोयोटाची क्वालिस म्हणजे इंडोनेशियातल्या किजांगचं भारतीय रूप. ती २००० मध्ये बंगळुरूजवळच्या बिडदीच्या कारखान्यातून बाहेर पडली आणि २००५ मध्ये इनोव्हा आल्यावर बंद झाली.

हा इतिहास सांगण्याचं कारण आहे. या गाड्या साध्या आहेत. जुन्या ट्रॅक्समध्ये किंवा जीपमध्ये कॉम्प्युटर नाही. डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही, त्यामुळे एकदा सुरू झालं की ते विजेवर फारसं अवलंबून नसतं. म्हणून ही गाडी घरी दुरुस्त करता येते. पण याच कारणामुळे आपण निर्धास्तही होतो. गाडी तर चालतेय, मग वायरिंगकडे कशाला बघायचं? आणि मागे आडव्या सीटवर दहा-बारा माणसं बसलेली असतात. धूर झाला तर त्यांना उतरायला दार एक. खरी गोष्ट इथे सुरू होते.

हिशोब आधी, पक्कड नंतर

गाडीत वीज बनवतो अल्टरनेटर. आपल्याकडे अजून त्याला डायनमोच म्हणतात, म्हणू द्या. त्याच्या पाटीवर आकडा असतो, समजा ५५ ॲम्पिअर. बॅटरी ही टाकी आहे आणि डायनमो हा नळ आहे. टाकीतून जेवढं काढाल तेवढं नळाने भरलं पाहिजे.

वॅटला व्होल्टने भागलं की ॲम्पिअर मिळतात. एवढं एक गणित आलं तरी निम्मं काम झालं. हेडलाइटचा साधा एच-फोर बल्ब ६०/५५ वॅटचा. दोन बल्ब मिळून १२० वॅट, म्हणजे १० ॲम्पिअर. पार्किंग, टेल आणि मीटरचे दिवे ३, हवेचा ब्लोअर ८, वायपर ४. पावसाळ्यातल्या रात्री कंपनीचा मूळ भार झाला २५.

आता आपण काय जोडतो? पुढे ५५ वॅटचे दोन जादा दिवे, ९ ॲम्पिअर. दोनशे वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात, १७. छोटे पंखे दोन, ३. प्रवाशांसाठी मोबाइलचे चार्जर, ३. हे झाले ३२. एकूण ५७. पाटीवर ५५ आहेत, आणि तेही इंजिन वेगात असताना. गाडी जागेवर उभी राहून हळू चालत असेल तर डायनमो साधारण निम्मंच देतो.

आणि आपली काळी-पिवळी उभी किती वेळ असते? भरती होईपर्यंत. इंजिन बंद, गाणी चालू. ७५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी १७ ॲम्पिअरने दोन-सव्वादोन तासांत निम्मी होते. मग ड्रायव्हर चावी फिरवतो, सेल्फ नुसता टक्क करतो, आणि सगळे प्रवासी खाली उतरून धक्का मारतात. ‘काय व्हयनं भाऊ?’ व्हयनं काही नाही, हिशोब चुकला.

खानदेशचा उन्हाळा आणि बॅटरी

जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. लेड-ॲसिड बॅटरीचा ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं होतं. थंडीत सेल्फ फिरला नाही की आपण थंडीला दोष देतो, पण बॅटरी मेलेली असते उन्हाळ्यातच. थंडी फक्त ते दाखवते.

म्हणून उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी बघा. पाणी डिस्टिल्डच, बोअरचं नाही. आपल्याकडचं पाणी क्षारांचं आहे. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, पॉलिश पेपरने घासा, घट्ट बसवा, वरून पेट्रोलियम जेली लावा.

टर्मिनल काढताना नेहमी आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. का? गाडीची बॉडी निगेटिव्हला जोडलेली आहे. पॉझिटिव्हवर पाना असताना तो बॉडीला टेकला तर शेकडो ॲम्पिअर पान्यातून जातात, पाना लाल होतो. निगेटिव्ह आधीच सुटलेलं असेल तर पाना टेकला तरी काही होत नाही. हातातली अंगठी आणि कडंही काढून ठेवा.

दोनतीनशे रुपयांचा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभी गाडी, सकाळी बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली. इंजिन चालू करून जरा रेस दिल्यावर १३.८ ते १४.४ दिसले तर डायनमो ठीक. १३ च्या खाली असेल तर आधी पट्टा ढिला आहे का ते बघा. १४.८ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर गेला, आणि अशी गाडी उन्हाळ्यात बॅटरीचं पाणी उकळून टाकते. वारंवार पाणी कमी होतंय याचा अर्थ नेहमी ‘बॅटरी खराब’ असा नसतो.

दिवे मंद का दिसतात?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि याचं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं दिलं जातं. दिवे मंद, मग १००/९० वॅटचे बल्ब टाक. आता खरं कारण बघू.

जुन्या गाडीत हेडलाइटचा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत येतो आणि तिथून परत पुढे बल्बला जातो. सहाएक मीटर वायर. ती १ चौरस मिलिमीटरची असेल तर १० ॲम्पिअरला साधारण १ व्होल्ट वायरमध्येच खर्च होतो. झिजलेला स्विच आणि गंजलेले कनेक्टर आणखी अर्धा खातात. डायनमो १३.५ देतोय, बल्बला १२ मिळतात. बल्बचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने कमी होतो. दीड व्होल्ट गेले की एक-तृतीयांश उजेड गेला.

अशात मोठा बल्ब टाकला तर करंट वाढतो, वायरमधला तोटाही वाढतो, वायर तापते, स्विच वितळतो, रिफ्लेक्टरचं पॉलिश उडतं. उजेड मात्र अपेक्षेएवढा येत नाही.

बरोबर उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून फ्यूज लावून २.५ चौरस मिलिमीटरची वायर थेट पुढे रिलेला आणा, तिथून बल्ब हातभर अंतरावर. जुना स्विच फक्त रिलेला इशारा देईल. रिलेवर आकडे छापलेले असतात: ३० ला बॅटरीची वायर, ८७ वरून बल्ब, ८६ ला स्विचची जुनी वायर, ८५ बॉडीला. अप्पर आणि डिपरला वेगवेगळे रिले. आणि दिव्याचा अर्थ रंगावर नको. रंग घासून चकचकीत पत्र्यावर थिंबल लावून बोल्टने घट्ट करा. मंद दिव्यांच्या निम्म्या तक्रारी अर्थच्याच असतात.

हे महत्त्वाचं का? बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रात्री केळीने भरलेली ट्रॉली मागे दिवा नसताना चाललेली असते. ताशी ८० ने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर. पुढे थांबायला आणखी ५० च्या आसपास. ८० मीटरवर ट्रॉली दिसली नाही तर ब्रेक कितीही चांगले असून उपयोग नाही. एच-फोरच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब कोंबला तर आपल्याला पांढराशुभ्र उजेड वाटतो, पण तो रिफ्लेक्टर त्यासाठी बनवलेला नसतो. उजेड समोरच्याच्या डोळ्यात जातो. लळिंग घाटाच्या वळणावर समोरचा आंधळा झाला तर तो आपल्यावरच येणार.

फ्यूज कुणासाठी?

बहुतेकांना वाटतं फ्यूज म्हणजे रेडिओचा किंवा दिव्याचा रक्षक. तसं नाही. फ्यूज वायरचा रक्षक आहे. म्हणून तो वायरच्या मापाने निवडायचा आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत लावायचा. गाडीच्या मागे लावलेला फ्यूज पुढच्या तीन मीटर वायरला वाचवत नाही. ढोबळ मानाने १ चौरस मिलिमीटरला १० ॲम्पिअर, १.५ ला १५, २.५ ला २०, ४ ला ३०. एवढे लक्षात ठेवा.

फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळायचा किंवा तांब्याची तार मारायची, ही आपल्याकडची जुनी रीत. फ्यूज उडाला म्हणजे त्याने काहीतरी सांगितलं. चांदीचा कागद लावला म्हणजे सांगणाऱ्याचं तोंड बंद केलं. पुढच्या वेळी फ्यूजच्या ऐवजी वायर जळते, आणि वायर सीटच्या फोमखालून, डिझेलच्या पाइपाजवळून गेलेली असते.

एक गोष्ट मात्र फ्यूजही पकडत नाही: ढिला जोड. नुसतं पिळून टेप मारलेल्या जोडात ०.३ ओहम रोध आला आणि त्यातून १० ॲम्पिअर गेले, तर त्या एका ठिकाणी ३० वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची लहान इस्त्री २५ वॅटची असते. म्हणजे टेपच्या आत एक इस्त्री चालू आहे आणि फ्यूजला पत्ताही नाही, कारण करंट वाढलेलाच नाही. त्यातून आपल्या उन्हाळ्यात टेपचा डिंक वितळतो, टेप सरकते, जोड उघडा पडतो. म्हणून जोड क्रिंप करा किंवा सोल्डर करा, वर आकसणारी नळी चढवा, आणि वायर पत्र्याच्या भोकातून जात असेल तर रबराची बुशी घाला. धारदार पत्रा हलत्या गाडीत वायरचं कातडं हळूहळू कापत असतो.

घरी काय, मिस्त्रीकडे काय?

टर्मिनल, अर्थ, बल्ब, फ्यूज, रिले, चार्जरचा सॉकेट, बॅटरीजवळ कट-ऑफ स्विच, हे घरी करा. रात्री बॅटरी उतरत असेल तर सगळं बंद करून निगेटिव्हच्या वाटेत मीटर लावा. चालू-बंद न करता बघा, सेल्फ मारू नका. ५० मिलीॲम्पिअरच्या आत असेल तर चिंता नाही. अर्धा ॲम्पिअर दिसला तर दिवसाला १२ ॲम्पिअर-अवर जातात, चार-पाच दिवसांत बॅटरी संपली. मग एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, चोर त्या वाटेवर आहे.

डायनमो उघडणं, सेल्फची दुरुस्ती, ब्रेक, स्टिअरिंग, आणि कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाडीच्या मूळ हार्नेसला हात लावणं, हे जाणत्या मिस्त्रीकडे. नव्या गाडीत वायर कापून टॅप मारली की सेन्सरच्या वायरीला धक्का लागतो आणि गाडी भलतीकडेच बिघडते. आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ लक्षात ठेवा: कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल गाडीत मनाने करता येत नाही. प्रवासी गाडीला फिटनेस लागतो, तिथे हे दिसतंच.

जादा काही बसवण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: किती वॅट, किती ॲम्पिअर, कुठल्या मापाची वायर आणि फ्यूज. बेरीज डायनमोच्या पाटीच्या तीन-चतुर्थांशाच्या वर गेली तर एक वस्तू कमी करा. कुठली? ॲम्प्लिफायर. दिवे नाही. आणि ड्रायव्हरच्या सीटजवळ, हात पोहोचेल असा, पावडरचा अग्निशामक ठेवा. तो सीटखाली पोत्यामागे गेला तर असून नसल्यासारखा.

काळी-पिवळीत बसणारा माणूस वायरिंग बघत नाही. तो भाडं देतो आणि बसतो. त्याच्या वतीने बघायचं काम आपलं आहे.