वीस हजार कोटींचा जिल्हा

2011 च्या जनगणनेत जालना जिल्ह्यात 19 लाख 59 हजार माणसं होती. घरटी पाच धरली तर साधारण चार लाख कुटुंबं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून एका कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मोफत. गुणाकार करून बघा: 20 हजार कोटी रुपये! एका जिल्ह्याला, दरवर्षी.

अख्ख्या राज्याचा हिशेब तर डोळे पांढरे करणारा. 2011 मधली सुमारे 2 कोटी 38 लाख घरं धरली तर रक्कम जाते 12 लाख कोटींच्या घरात, आणि महाराष्ट्राचा 2025-26 चा सगळा अर्थसंकल्प आहे 7 लाख कोटींचा. सगळेच एका वर्षात आजारी पडत नाहीत म्हणून हे आकडे कागदावर खपतात.

जालन्यात योजना आली नोव्हेंबर 2013 मध्ये, राजीव गांधींच्या नावानं आणि दीड लाखाच्या मर्यादेनं. पिवळं-केशरी कार्ड असेल तर लाभ. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला दार उघडलं ते जिल्हा 14 आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत मोडतो म्हणून. पात्रतेचा याहून कडू निकष शोधून सापडायचा नाही. जुलै 2024 पासून योजना सर्वांना खुली आहे.

पण विमा माणसाला नाही, कुटुंबाला आहे आणि कुटुंब ठरतं रेशनकार्डावरून. तीन भाऊ, अकरा माणसं एकाच कार्डावर असतील तर सगळ्यांत मिळून 5 लाख. चुली वेगळ्या करून कार्डं फोडली की त्याच वाड्यात 15 लाख. नव्या सुनेचं नाव भोकरदनच्या माहेरी कमी झालेलं, घनसावंगीच्या सासरी अजून चढलेलं नाही. बाळंतपणात गुंतागुंत झाली की रुग्णालयात योजनेचे कागद बघणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापुढे नवरा कागद जुळवत उभा.

गंमत म्हणजे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घरातल्या एका तरी माणसाला आरोग्यविमा आहे असं सांगणारी घरं महाराष्ट्रात जेमतेम 20 टक्के निघाली. देशात हेच प्रमाण 41 टक्के. पिवळी-केशरी कार्डं मात्र तेव्हाही बहुसंख्य घरांत होती. म्हणजे विमा होता, आपल्याला तो आहे हे घराला ठाऊक नव्हतं.

ज्यांना ठाऊक आहे त्यांचं गणित निराळं. अंबड, मंठ्याकडची जोडपी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेतलेली. बायकोच्या पोटात दुखतं, पण एक जण फडात आला नाही तरी खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. ऑपरेशन फुकट असतं. खाडा, सोबत बसणाऱ्याची बुडालेली मजुरी, गाडीभाडं आणि भरती न होता महिनोन्‌महिने घ्यायची बीपीची गोळी हे त्या 5 लाखांत कुठेच बसत नाही. म्हणून दुखणं पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखाना बंद होईपर्यंत अंगावर काढलं जातं.