नोट आणि नोंद



नाणी-नोटांना हात न लावता सगळी देवघेव व्हावी, अशा रोकडविरहित समाजाची चर्चा आता शहरातल्या जाणकारांपुरती राहिलेली नाही. रावेर-सावद्याकडच्या केळीच्या पट्ट्यात, धुळ्याच्या बाजारात, साक्री-शिरपूरच्या चहाच्या टपरीवर काळ्या-पांढऱ्या चौकटींचे ते छापील चित्र टांगलेले आपण रोज पाहतो. गिऱ्हाईक मोबाईल समोर धरते आणि पेटीतून आवाज येतो, 'दहा रुपये मिळाले.' हे सोयीचे की धोक्याचे, असे लोक विचारतात. एका शब्दात उत्तर देता येईल असा हा प्रश्न नव्हे. म्हणून जरा मुळापासून पाहू.

पहिली गोष्ट ही की, रोकडीवाचून व्यवहार करणे आपल्याला मुळीच नवे नाही. व्यापारी पेठांमधली मोठी देवघेव पूर्वी हुंडीवर चाले. दर्शनी हुंडी दाखवली की पैसे मिळत, मुदती हुंडीचे पैसे मुदत भरल्यावर मिळत. खेड्यात सुतार-लोहार वर्षभर काम करीत आणि बलुते खळ्यावरून नेत. गरीब कुळाचे तर सगळे जिणेच सावकाराच्या वहीत मांडलेले असे. या तिन्ही व्यवहारांत रोख पैसा नव्हता. पण तिन्ही सारखे नव्हते. हुंडी दोन्ही बाजूंना वाचता येई. बलुते साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत मिळे. सावकाराची वही मात्र एकालाच वाचता येई.

त्याचा परिणाम काय झाला, हे इतिहासात नमूद आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले आणि पुणे व नगर जिल्ह्यांत ते लोण पसरले. त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता; ते कागद हिसकावून त्यांनी जाळले. कारण उघड होते. कागदावर काय लिहिले आहे हे बहुतेकांना ठाऊक नव्हते, पण खाली 'निशाणी नांगर' मात्र त्यांची होती! १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात पावती आणि हिशेब मागण्याचा हक्क म्हणूनच घालावा लागला.

आजच्या प्रश्नाचे मर्मही हेच आहे. नोट निरक्षराच्याही हातात असते. रंगावरून, आकारावरून तो ती ओळखतो. खात्यातला पैसा ही नोंद आहे, आणि ती दुसऱ्याच्या वहीत आहे. ती वाचता येते त्याला ती नोटेपेक्षा उपयोगी; वाचता येत नाही त्याला ती सावकाराच्या वहीसारखीच.

आधी फायदे पाहू. भारतीय कापूस महामंडळ हमीभावाने कापूस घेते तेव्हा पैसे शेतकऱ्याच्या खात्यात जमा होतात. २०१९ पासून पीएम-किसान योजनेचे वर्षाचे सहा हजार रुपये तीन हप्त्यांत तसेच येतात. वाटेत हात कमी, म्हणून गळती कमी. कापूस विकून रोकड कमरेला बांधून एस.टी.त बसण्याचे भय उरत नाही. मुलगा पुण्याला शिकत असेल, तर मनीऑर्डरची वाट न पाहता क्षणात पैसे पोहोचतात. शिवाय नोंद हा पुरावा असतो. 'मजुरी दिली' आणि 'मिळाली नाही' असा वाद पडला, तर तारखेसकट उत्तर मिळते. बचत गटातील बहिणींना कर्ज मागतेवेळी हीच नोंद पत म्हणून उपयोगी पडते. यूपीआय ही पद्धत एप्रिल २०१६ मध्ये सुरू झाली आणि थोड्याच वर्षांत टपरीपर्यंत पोहोचली, ती या सोयींमुळेच.

आता दुसरी बाजू. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या. चलनातील एकूण मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के भाग त्या नोटांत होता. आपल्याकडे ते कापूस वेचणीचे दिवस. वेचणीची मजुरी रोखीने द्यायची, आणि रोकड तर नाही. त्यात १४ नोव्हेंबरपासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांना जुन्या नोटा घेण्यास मनाई झाली, आणि खेड्यातल्या कितीतरी शेतकऱ्यांची खाती नेमकी तिथेच! त्या महिन्यांत दोन धडे मिळाले. नोट म्हणजे सोने नव्हे, तेही एक वचनच आहे, हा पहिला. आणि तयारी नसताना रोकड काढून घेतली तर हातावर पोट असलेला आधी भरडला जातो, हा दुसरा.

त्याच वर्षी १ डिसेंबरला ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील धसई हे राज्यातील पहिले रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झाले. दुकानांत कार्डाची यंत्रे बसली. पण पुढे तिथे रोखीचे व्यवहार पुन्हा सुरू झाल्याच्या बातम्या आल्या. यंत्र बसवणे एका दिवसाचे काम. वीज, जाळे आणि माणसांचा विश्वास यांना वेळ लागतो. देशाचे आकडेही हेच सांगतात. नोव्हेंबर २०१६ च्या आरंभी सुमारे १८ लाख कोटी रुपयांचे चलन लोकांत फिरत होते. मार्च २०२५ अखेर ते ३६ लाख कोटींच्या वर गेले. म्हणजे मोबाईलवरचे व्यवहार वाढले, आणि नोटाही वाढल्या. लोकांनी दोन्ही ठेवले, आणि ते शहाणपणाचेच झाले.

कारण यंत्रणा बंद पडते. मार्च व एप्रिल २०२५ मध्ये देशभर यूपीआय काही काळ अडखळले, तेव्हा शहरातलेही गोंधळले. मग सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे फोनला रेंज मिळवायला टेकाड चढावे लागते, तिथे भोंगऱ्या बाजारात आलेल्या पावरा कुटुंबाने काय करावे? स्वीडनचे उदाहरण घ्या. युरोपात कागदी नोटा प्रथम १६६१ साली तिथे निघाल्या, आणि नोटा जवळजवळ सोडून देण्यातही तोच देश पुढे. पण २०२१ पासून तिथल्या मोठ्या बँकांवर रोख रकमेची सेवा देण्याचे कायद्याने बंधन आहे. आणि २०२४ मध्ये संकटकाळासाठी घरोघर वाटलेल्या सरकारी पुस्तिकेत काही रोकड घरात ठेवा, असा सल्ला आहे. एवढा पुढारलेला देश मागे वळून पाहतो, तर आपण घाई का करावी?

दुसरा धोका फसवणुकीचा. चोर आता कुलूप फोडीत नाही, तो आपल्याकडूनच किल्ली मागून घेतो. तेव्हा चार गोष्टी मनात पक्क्या करा. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. बँकेचा किंवा पोलिसांचा म्हणून फोन आला तरी ओटीपी सांगायचा नाही. आणि फोनवरून कोणी कोणाला अटक करीत नाही, हेही ध्यानात ठेवा. योजनेच्या नावाने मोबाईलवर आलेली फाईल उघडायची नाही. आणि दुकानदारांनी गिऱ्हाईकाच्या फोनवरचे चित्र पाहून माल देऊ नये, आपल्या खात्यात जमा झाली की नाही ते पाहावे. इतके करूनही घात झालाच, तर लाजत बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याचा संभव अधिक असतो.

गावात बँकमित्र आधार आणि अंगठ्यावर पैसे देतो, ती सोय मोठी आहे. पण यंत्रावर किती रक्कम टाकली हे वाचल्यावाचून अंगठा ठेवू नका, आणि पावती घेतल्यावाचून उठू नका. शेतात राबून अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्या माणसाला यंत्र ओळखत नाही, म्हणून त्याला परत पाठवणे हाही अन्यायच आहे; त्याच्यासाठी बँकेत पैसे काढण्याची दुसरी वाट उघडी असली पाहिजे, आणि ती आपण मागितली पाहिजे.

शिक्षक मित्रहो, इथे तुमचे काम येते. सातवीच्या मुलाला सरळव्याज येते, पण घरचे पासबुक वाचता येते का? महिन्यातून एक तास त्यासाठी काढा. जमा कोणती, नावे कोणती, शिल्लक किती, कापलेली रक्कम कशासाठी, हे मुलांनी घरी आईला आणि आजीला वाचून दाखवावे. मुलाला पिन सांगू नये, पण नोंद मात्र त्याच्याकडून वाचून घ्यावी. एवढ्या एका सवयीने घरात किती सावधपणा येईल, पाहा.

तेव्हा मोबाईलला भिऊ नका आणि नोटेला टाकून देऊ नका. घरात आठवड्याच्या खर्चापुरती रोकड असू द्या. मोठी रक्कम खात्यात असू द्या. आणि खात्यातली प्रत्येक ओळ घरातल्या एकाला तरी वाचता येऊ द्या. निशाणी नांगराची आणि वाचन दुसऱ्याचे, ही स्थिती आपल्या पूर्वजांनी भोगली आहे. निदान आपल्या मुलांवर ती येऊ नये.